घरी नव्हती म्हणून

अकोला,
१८ जून २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

पत्र पाहून तू घाबरशीन म्हणून आधीच सांगते, घरी सारे बरे आहेत. नितेशची दालमिल चालू आहे, आचल सहावीत गेली, सासूबाईचे गुडघे जसे होते तसेच. फोनवर तुले ऐकू येत नाही, अन् मी ओरडून बोलली की साऱ्या गल्लीले कळते. मोबाइलवर लिहिलेलं तू उघडून पाहत नाही. आता सांग, पत्राशिवाय काय उपाय? आपला धर्मेंद्र औषधाची गाडी घेऊन रोज अमरावती-अकोला करून राहिला, त्याच्याच हाती देते. उत्तरही त्याच्याजवळच दे.

आत्या, मले ड्रेसिंगच्या खोलीतून काढलं. काढलं म्हणजे कामावरून नाही. दवाखान्याची तपासणी होणार आहे म्हणे, म्हणून डॉक्टरसाहेबांनी ठरवलं की ज्याची नर्स म्हणून नोंदणी आहे त्यानंच सुईले हात लावायचा. नियम बरोबर आहे, मी काही भांडली नाही. रश्मी नावाची पोरगी आली, नुकतीच शिकून. चांगली आहे. कापूस कुठं, कैची कुठं, मीच तिले दाखवलं अन् बाहेर येऊन केसपेपरच्या खिडकीत बसली. पहिल्याच दिवशी एक म्हातारी खिडकीशी वाकून मले म्हणते, "सिस्टर, तुले इथं काहून बसवलं वो?" मी हसली. घरी येऊन कणीक तिंबता तिंबता रडली.

अकरा वर्षं झाले. सलाइन, इंजेक्शन, टाके काढणं, जळालेल्याची पट्टी, सारं केलं. सारे मले सिस्टर म्हणत, अन् मी कधी कोणाले म्हटलं नाही की मी सिस्टर नाही. दर वेळी उलसं, सुईच्या टोकाएवढं, टोचे. पण समोर रक्त वाहत असलेल्या माणसाले थांबवून हे सांगायचं कसं?

आता खरं सांगते काय डोक्यात आहे ते. तुमच्या अमरावतीच्या नर्सिंग शाळेची जाहिरात आली. जीएनएम, तीन वर्षं. बारावी पास पाहिजे, ते मी आहे. वय पस्तीसच्या आत पाहिजे, तेही आहे, पण पुढच्या वर्षी नसणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. तू साऱ्या जन्माची नर्सबाई, मोर्शीकडं तुझी सारी नोकरी झाली, तुलेच विचारते. माझे अकरा वर्षं ते धरतीन का? मले तर वाटते थेट दुसऱ्या वर्षातच घेतीन. नितेशले अजून सांगितलं नाही. तू आधी सांग.

तुझी
प्रणाली

*

अमरावती,
२३ जून

चि. प्रणाली,
म्हाताऱ्या आत्याचा जयभीम घे.

पत्र भेटलं. धर्मेंद्र दारात उभा राहून काहीतरी बोलत होता, मले काही समजलं नाही, मी त्याले पाणी देल्लं अन् वाटेले लावून देल्लं.

अवो बयाड पोरी, यात विचारायचं काय? भर फॉर्म. अकरा वर्षं काम केलेली पोरगी त्याइले कुठं भेटून राहिली? मी शिकायले गेली तेव्हा मले थर्मामीटर पाहता येत नव्हतं. मेट्रनबाईनं माह्ये हात पाहिले, नखं पाहिली, म्हणाली, उद्यापासून ये. तुह्ये हात तर शिकलेलेच आहेत. दुसऱ्या वर्षात घेतीन का तिसऱ्या, ते त्याइनं ठरवावं, पण घेतीन. हे मी लिहून देते.

आता दोन कागदं कर. एक, तुह्या डॉक्टरजवळून अनुभवाचं सर्टिफिकेट, शिक्क्यासहित. दुसरं, गॅपचं प्रतिज्ञापत्र. आमच्या शेजारच्या शेषरावच्या नातीले लागलं होतं म्हणून मले माहीत आहे. बारावी होऊन इतके वर्षं झाले, तर मधात काय केलं हे शपथेवर लिहून द्या लागते. तहसीलसमोर लेखनिक बसतात, त्याइच्याजवळ मजकूर तयारच असते. नाव टाकतात, सही घेतात, झालं. सारे तेच करतात. तू तिथं डोकं लावू नको, नाही तर संध्याकाळ होईपर्यंत प्रश्न विचारत बसशीन.

अन् राहायची कायजी करू नको. माह्याजवळ राहायचं. पुढची खोली रिकामीच आहे, तिथं तुह्या आतोबाचं लोखंडी कपाट आहे ते सरकवून टाकते. मलेही घरात कोणी बोलणारं होईन. बोललेलं ऐकू येणार नाही, पण तोंड हललेलं तर दिसन.

नितेशले लवकर सांग. नवऱ्याले शेवटी सांगितलं की तो उगाच मोठा होऊन बसते.

दिवाळीत येशीन तेव्हा माह्यं ते बी-बाराचं इंजेक्शन तूच देजो. मी एवढ्या लोकाइले सुया टोचल्या, पण मले दुसऱ्या कोणाच्या हातचं जमत नाही. तुह्या हातचं लागतच नाही.

तुह्यी आत्या
कौशल्या

*

अकोला,
२० जुलै

प्रिय आत्या,
जयभीम. पत्राले उशीर झाला, कारण एकेक गोष्ट होऊ दिली अन् मगच लिहायले बसली.

नितेशले सांगितलं. तो अर्धी भाकर खाऊन उठला. मले वाटलं झालं, आता दोन दिवस बोलत नाही. हात धुऊन परत आला अन् विचारलं, "आचलचं डबा-दप्तर कोण पाहीन?" मी म्हटलं, तू. तो म्हणे, मले पोळ्या गोल येत नाहीत. मी म्हटलं, तिले गोल पोळीचा नाद नाही. तर हसला. त्याच्या हसण्यात होकार होता हे मले दुसऱ्या दिवशी कळलं, त्यानं सासूबाईले परस्पर सांगून टाकलं होतं. सासूबाई म्हणाल्या, माझ्या गुडघ्याले मलम लावायले घरात शिकलेली नर्स येत असन तर मी तीन वर्षं थांबते.

डॉक्टरसाहेबांजवळ जायची भीती वाटत होती. कागदावर काय लिहायचं, याचा त्यांनीही बराच विचार केला. मग 'ओपीडी सहायक' असं लिहिलं, अकरा वर्षं, प्रामाणिक, वेळेची पक्की. नर्स लिहिलं नाही, अन् तेच खरं आहे. सही करताना म्हणाले, "तू हे दहा वर्षांआधी करायला हवं होतं. मीच सांगायला हवं होतं." ते सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून घरी आणलं.

आता तुले वाईट वाटन असं सांगते. साऱ्या फॉर्मात अनुभव लिहायले जागाच नाही. मी फोन करून विचारलं. अनुभवाचे गुण नाहीत, बारावीच्या मार्कांवर यादी लागते. दुसऱ्या वर्षात वगैरे काही नाही, सतरा वर्षांच्या पोरीसंगं पहिल्या वर्षात बसायचं, पूर्ण तीन वर्षं. अन् वसतिगृहात राहणं सक्तीचं आहे. लग्न झालेलं असो का नसो. म्हणजे तुझी पुढची खोली रिकामीच राहणार.

तरी मी अनुभवाचं सर्टिफिकेट फाइलीत सगळ्यात मागं लावलं. कोणी मागितलं नाही, तरी लावलं.

गॅपचंही झालं. तहसीलसमोरच्या टपरीत खुशालराव म्हणून लेखनिक आहेत. भला माणूस, चहाही पाजला. कॉम्प्युटरमध्ये मजकूर तयार होता, नाव-गाव टाकलं, मले म्हणाले, इथं करा सही. चहा निवायच्या आत काम झालं. तू सांगितल्याप्रमाणे मी डोकं लावलं नाही.

तुझी
प्रणाली

*

अमरावती,
२७ जुलै

चि. प्रणाली,

वसतिगृह सक्तीचं आहे हे मले आधी कोणी सांगितलं असतं तर मी खोलीले चुना मारला नसता. कपाट सरकवताना पाठ धरली ते वेगळंच. जाऊ दे. चुना काही वाया जात नाही, भिंत पांढरी दिसते.

अन् अनुभवाचे गुण नाहीत तर नाहीत. मले दोन दिवस राग आला होता, मी शेषरावाइजवळ बोलूनही दाखवलं की आजकालच्या शाळाइले माणसाची पारख नाही. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्याइनं मान हलवली.

मग मी स्वतःच तुह्यी शाळा पाहून आली. रिक्षानं गेली. आत जाऊ देल्लं नाही, फाटकातूनच पाहिलं. पोरी ओळीनं चालल्या होत्या, पांढऱ्या कपड्यात, केस जाळीत बांधलेले. एवढ्याल्या पोरी वो. मले एकदम माह्या टायमाची आठवण आली अन् मी तिथंच पदरानं डोळे पुसत बसली. वॉचमनले वाटलं माह्यी पोरगी आत आहे. मी म्हटलं, यायची आहे.

कागदं तपासायले ज्या दिवशी बोलावतीन त्या दिवशी सरळ माह्याकडं ये. कढी-गोळे करून ठेवते. भर बारा वाजता उपाशी पोटी त्या ऑफिसात भांडू नको.

तुह्यी आत्या

*

अकोला,
१२ सप्टेंबर, सकाळी

प्रिय आत्या,

काल अमरावतीले आली अन् तुझ्या घरी न येता परत गेली. तू कढी करून वाट पाहिली असशीन. रागाव, पण आधी पूर्ण वाच.

कागदं तपासायच्या खिडकीत एक बाई होत्या. चांगल्या होत्या, उगाच नाव कसं ठेवू? बारावीची मार्कशीट पाहिली, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, सारं बरोबर म्हणाल्या. मग गॅपचं प्रतिज्ञापत्र अन् मागचं अनुभवाचं सर्टिफिकेट दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही वाचले. मग चष्मा वर करून मले विचारलं, "ताई, तुम्ही घरी होता की दवाखान्यात?"

मले काही समजलंच नाही. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. आत्या, त्यावर काय लिहिलं होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. 'बारावीनंतर सदर कालावधीत मी घरगुती अडचणीमुळे घरीच होते. मी कोठेही नोकरी केलेली नाही.' खाली शपथ, अन् शपथेखाली माझी सही. खुशालरावांकडं जे येतात ते बहुतेक घरीच बसलेले असतात, त्यांनी सगळ्यांचं लिहितात तेच माझंही लिहिलं. त्यांचं काय चुकलं? वाचायचं तर माझं काम होतं. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय मी कधी औषध भरलं नाही, अन् स्वतःचा कागद तशीच सही करून आली.

बाई म्हणाल्या, यातला एक कागद खोटा आहे अन् दोन्ही असे राहिले तर फाइल पुढं जाणार नाही. सोमवारपर्यंत दुरुस्त करून आणा. मग आवाज कमी करून म्हणाल्या, अनुभवाचं कोणी मागितलंच नाही, ते काढून टाका, फाइल साफ होते. आत्ताच काढू का? त्यांनी टाचणीले हात घातला. मी म्हटलं, थांबा, सोमवारी सांगते. अन् तिथून निघाली ती सरळ बसस्टँडवर. तुझ्यासमोर आली असती तर रडली असती, अन् रडून सांगितलेलं तुले ऐकू आलं नसतं.

नितेश म्हणे, काढून टाक, त्यात काय. बरोबर आहे त्याचं. सीट त्याच कागदावर अडली आहे, अन् तो कागद कोणाच्याच कामाचा नाही. पण आत्या, मी अकरा वर्षं घरी होती, असं लिहून देऊ? आचल दुपट्यात होती तेव्हा तिले सासूबाईजवळ टाकून मी कामावर गेली. तिनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी कोणाच्या तरी पोराले सलाइन लावत होती. मी घरी असती तर पाहिलं नसतं का मी?

अन् खरं लिहावं तर त्याचीही भीती. तिथल्या प्राचार्य मॅडमनं विचारलं की नोंदणी नसताना सुईले हात कसा लावला, तर काय सांगू? मग सीटही जाईन अन् डॉक्टरसाहेबांवरही येईन. काय करू ते लवकर लिही.

प्रणाली

*

अमरावती,
१३ सप्टेंबर

प्रणाली,

काढून टाक तो कागद. आत्ताच्या आत्ता काढून टाक.

हे सारं माह्यामुळं झालं. डोकं लावू नको, असं मीच तुले लिहिलं. दुसऱ्याच्या नातीचं पाहून मी तुले शहाणपण शिकवलं, अन् ती पोरगी खरंच घरी बसली होती हे माह्या ध्यानात आलं नाही. तुह्यं पत्र घेऊन दारातच बसून राहिली. कढी तशीच नासली.

पण आता हे धरून बसू नको. कागद काढला म्हणून काम निघून जाते का? ज्याइच्या जखमा तू धुतल्या त्याइले माहीत आहे तू कुठं होती ते. शाळेले नसन माहीत तर मरू दे शाळेले. तुले सीट पाहिजे का खरेपणाची पाटी पाहिजे? पस्तीस वर्षाची अट तुह्यासाठी थांबणार नाही. एकदा आत जा, मग तीन वर्षं काय खरं बोलायचं ते बोल.

आज शनिवार, धर्मेंद्र सकाळीच निघून गेला अन् उद्या त्याची सुट्टी. हे पत्र सोमवारशिवाय तुले भेटत नाही, अन् सोमवारी तर तू निघशीन. काय करू, मले सुचून नाही राहिलं.

आत्या

*

तुझ्या ओट्यावरून, अमरावती,
१५ सप्टेंबर

आत्या,

कुठं गेली वो तू? दाराले कुलूप. शेषरावकाका म्हणाले, सकाळच्या पहिल्या बसनं अकोल्याले गेली, हातात एक पत्र होतं. मी पहिल्या बसनं इकडं आली अन् तू पहिल्या बसनं तिकडं गेली! मूर्तिजापूरजवळ आपल्या बसा एकमेकीच्या बाजूनं गेल्या असतीन. मी हसून हसून बेजार. आचलची शाळा सुटायच्या आत पोचायचं आहे म्हणून थांबत नाही, इथंच ओट्यावर बसून झेरॉक्सच्या पाठीमागं लिहिते अन् दाराखालून सरकवते.

मी कागद काढला नाही.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता शुक्रवारीच दुपारी खुशालरावांकडं गेली. त्यांना म्हटलं, तुमचा छापील मजकूर नको, मी सांगते ते टाका. ते म्हणाले, बाई, इतके वर्षं झाले, मले कोणी असं सांगितलं नाही. मी म्हटलं, मलेही कोणी विचारलं नाही. मग मी सांगत गेली अन् ते टाइप करत गेले. दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहायक म्हणून काम केले. माझे नर्सिंगचे शिक्षण झालेले नाही व माझी नर्स म्हणून नोंदणी नाही. पहिल्या प्रतिज्ञापत्रात न वाचता सही केली, ती माझी चूक आहे. हे शेवटचं वाक्य टाकायले ते तयार नव्हते, म्हणे असं कोणी लिहीत नाही. मी टाकायलेच लावलं. सही करायच्या आधी पूर्ण वाचलं, दोनदा.

आज खिडकीतल्या बाईंनी ते पाहिलं अन् मले आत प्राचार्य मॅडमकडं पाठवलं. मॅडमनं सगळं वाचलं. मग विचारलं, "दवाखान्यात तुम्हाला काय म्हणायचे?" मी म्हटलं, "सिस्टर म्हणत. पण मी सिस्टर नव्हती, मॅडम." मग त्या सर्टिफिकेटवर बोट ठेवून म्हणाल्या, "याचे इथं गुण नाहीत, माहीत आहे ना?" मी म्हटलं, हो. "मग कशाला लावलं?"

आत्या, मी रस्त्यानं बरीच मोठी मोठी वाक्यं पाठ करून आली होती. ती सारी विसरली. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मी घरी नव्हती मॅडम, म्हणून."

त्यांनी पेन उघडलं अन् सही केली. म्हणाल्या, फाइल पूर्ण झाली, आता यादीची वाट पाहा. अन् मी दारापर्यंत गेली तेव्हा मागून म्हणाल्या, "नाव लागलं तर दवाखान्यात शिकलेलं सगळं दारात काढून ठेवून यायचं. इथं पलंग कसा लावायचा इथून सुरुवात आहे." मी म्हटलं, ठेवीन.

आता नाव लागो का न लागो. लागलं नाही तर मी रडीन, चार दिवस तोंड फुगवून बसीन, ते सगळं करीन. पण आज मले इतकं हलकं वाटून राहिलं की तुझ्या ओट्यावर एकटीच बसून दोन केळी खाल्ली. शेषरावकाकाच्या सुनेनं चहा दिला.

नितेशनं तुले जेवू घातलं असन अशी आशा आहे. पोळ्या गोल नसतीन.

प्रणाली

*

अमरावती,
१७ सप्टेंबर

चि. प्रणाली,

जेवली. पोळ्या गोल नव्हत्या, पण भाजलेल्या बरोबर होत्या. पोरगा चांगला आहे, मी उगाच त्याले इतके वर्षं मुका म्हणत होती. त्यानं माह्यासमोर कागद घेऊन लिहिलं, 'ती अमरावतीले गेली.' मी कपाळाले हात लावला. मग त्यानं खाली लिहिलं, 'कागद काढणार नाही म्हणे. मीही आता म्हणत नाही.' मी दुपारच्याच बसनं परत निघाली, अन् वाटेत आपली पुन्हा चुकामूक झाली.

बरं झालं माह्यं पत्र तुले वेळेवर भेटलं नाही. भेटलं असतं तर तू माह्यं ऐकलं असतं. तुह्यी ती वाईट खोड आहे, मोठ्याचं ऐकायची. नितेशजवळ देल्लेलं ते पत्र फाडून टाक.

दाराखालचा कागद मी तीनदा वाचला. शेषरावाइलेही वाचायले देल्ला, मग त्याइच्या सुनेनं वाचला. आता साऱ्या गल्लीले माहीत आहे तू घरी नव्हती ते.

यादीकडं डोळे लावून बसली आहे.

आत्या

*

अकोला,
६ ऑक्टोबर

आत्या, नाव लागलं. दुसऱ्या यादीत, अगदी खालून, पण लागलं. नितेश दालमिलमधून पिवळ्या डाळीच्या धुळीनं माखलेला तसाच पळत आला. सासूबाई रडून राहिल्या अन् आचल मले विचारते, आई, तुले गृहपाठ असन का?

धर्मेंद्रची गाडी उभी आहे, म्हणून एवढंच. पेढे त्याच्याचजवळ आहेत, मोजून घे, तो रस्त्यात खाते.

प्रणाली

*

वसतिगृह, अमरावती,
९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

एकाच गावात राहून पत्र लिहिते, हसशीन तू. पहिला महिना बाहेर सोडत नाहीत. आमच्या वॉर्डन बाईंची बहीण तुझ्या गल्लीत राहते, तिच्या हाती पाठवते.

आठवडा झाला पलंग लावून राहिली. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली घालायचा असते. मी म्हटलं, हे तर डोळे मिटून येते. अकरा वर्षांच्या सवयीनं फटकन खोचला. आमच्या टीचरनं तो ओढून काढला. परत लावला, परत काढला. माझ्या बाजूची सतरा वर्षाची पोरगी एकदाच शिकली अन् तिचा बरोबर आला, कारण तिच्या हातात जुनं काही नव्हतं. चौथ्या दिवशी माझा जमला. टीचर तो न ओढता पुढच्या पलंगाकडं गेल्या. एवढा आनंद मले बारावीच्या निकालालेही झाला नव्हता.

हात धुवायलेही चुकीचंच शिकली होती म्हणे. अंगठा विसरत होती मी. इतके वर्षं! कधी कधी रात्री आडवी झाली की कोणाकोणाच्या अंगाले तो अंगठा लागला असन, हे आठवते अन् जीव दचकते. मग वाटते, बरं झालं आली. वेळेवर आली.

पोरी मले आधी 'आंटी' म्हणत होत्या, आता 'ताई' म्हणतात. आचल रविवारी फोनवर मले पाढे म्हणायले लावते. आठवण येते, खूप येते. पण नितेशनं परवा पोळीचा फोटो पाठवला. गोल होती. मले शंका आहे, ताट ठेवून कापली असन.

अन् एक सांगू? सकाळी हजेरी होते तेव्हा मॅडम नुसतं नाव घेतात. प्रणाली इंगळे. मी म्हणते, हजर. कोणी सिस्टर म्हणत नाही. तीन वर्षं कोणी म्हणणार नाही. आत्या, ते उलसं टोचणं बंद झालं, अन् बंद झालं तेव्हा कळलं की किती टोचत होतं.

पुढच्या रविवारी महिना पुरा होते, सुट्टी आहे. येते. तुझं बी-बाराचं इंजेक्शन दिवाळीत राहून गेलं, ते देऊन टाकते.

तुझी
प्रणाली

*

अमरावती,
११ नोव्हेंबर

चि. प्रणाली,

ये. कढी-गोळे करते, यावेळी नासू देत नाही. पुढच्या खोलीत गादी टाकून ठेवली आहे, चादर मुद्दाम लावली नाही. तू येऊन लाव, मले पाहायचा आहे तो कोपरा.

पण इंजेक्शनचं नाव काढायचं नाही. मी सरकारी दवाखान्यात जाऊन घेऊन आली. नव्या पोरीनं देल्लं, खूपच दुखलं, हात सुजला.

शिकाऊ पोरीनं माह्या दंडाले हात लावायचा नाही. तीन वर्षं मी दुखवून घेईन. मग तू तुह्या नोंदणीचा नंबर घेऊन ये, मी दारातच बाही वर करून बसते अन् साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं तुले हाक मारते, सिस्टर म्हणून.

तुह्यी आत्या
कौशल्या